चार पावत्या, एकच वजन

३ जून

व्याहीबुवा,

वर नमस्कार लिहायचा राहून गेलेला नाही. सुनेच्या नावाने तुम्ही जो कागद पाठवलात तो वाचल्यावर हात जोडावेसे वाटले नाहीत. फोनही करत नाही. फोनवर अवघड विषय निघाला की तुम्हाला खोकला येतो. कागदाला येत नाही.

माझा मुलगा जाऊन सात आठवडे झाले. तुमच्या खाणीची खडी भरलेला ट्रक उतारावरून आला, वळणावर आवरला नाही, पलीकडे घुसला आणि आपल्या बाजूने दुचाकीवर येणाऱ्या माझ्या पोराला घेऊन गेला. तुमची खाण म्हणते, कारण एकोणीस वर्षं तिच्या फाटकावरच्या वजनकाट्यावर बसून तुम्ही ट्रकांची वजनं लिहिता आणि चारचौघांत ‘आमची खाण’ म्हणता. आता कागदही त्याच खाणीचा. सुनेने सही करायची, शेजारी मी करायची, देतील ते घ्यायचं आणि पुढे कोणावर कसलाही दावा करायचा नाही. अक्षर एवढं बारीक की सुईत दोरा ओवायचा चष्मा लावून वाचलं. सातव्या ओळीत लिहिलंय, अपघात दुचाकीस्वाराच्या निष्काळजीपणामुळे झाला हे आम्हाला मान्य आहे. ही ओळ वाचून कागद पाठवलात की न वाचता? दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं ते मला ठरवता येईना.

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं कापड गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर शिकले. एवढं कळलं की अशा कागदावर एकटीने डोकं चालवू नये. ज्या वकीलबाईंच्या काळ्या कोटाला मी अस्तर लावून दिलं होतं, त्यांच्याकडे गेले. त्यांनी समजावून सांगितलं. चालकावरचा पोलिसांचा खटला सरकार चालवतं, त्यात आपण साक्षीपुरते. भरपाईचा दावा मात्र आपला. बायको, मूल, आई, त्याच्या कमाईवर ज्यांचं घर चालत होतं त्या सगळ्यांनी मिळून चालकावर, ट्रकच्या मालकावर आणि विमा कंपनीवर करायचा, आणि तो मुदतीत करायचा. तडजोड दावा चालू असतानाही करता येते. म्हणून ती आधीच उरकायची घाई फक्त समोरच्याला असते, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, आणि समोरच्याचा कागद आपलाच माणूस घेऊन आला तर? त्यांनी चहा मागवला.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्या दिवशीचं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मग खाणीच्या रस्त्याला तो का होता? पोलिसांनी लिहिलंय, ‘विनाकारण’. माझा मुलगा विनाकारण पेट्रोल जाळणारा नव्हता.

अजून तरी तुमची,
विहीण


५ जून

विहीणबाई,

नमस्कार. आम्ही भांडतानाही लिहितो.

कागद मी वाचूनच पाठवला. असल्या ओळी सगळ्याच कागदांत असतात. गेलेल्या माणसाला चूक कोणाची हे विचारायला कोणी जाणार नाही. मागे राहिलेल्यांना दोन वेळा ताट वाढायचंय. कोर्टाच्या बाकड्यावर माझ्या मुलीची उमेदीची वर्षं घालवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? चालक तुरुंगात आहे, तेवढ्याने तुमचं भागत नाही का? वर्तमानपत्राच्या कपट्यांवर कायदा शिकून खाणमालकांशी लढाई होत नाही. तुम्ही काज करा, बटणं लावा.

आणि स्पष्टच लिहितो. ती मुलगी माझी आहे. तुमची सून होती ती तुमच्या मुलामुळे.

तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. त्या दिवशी मी काट्यावर नव्हतो. गुडघा धरला होता, रजा टाकून घरी पडून होतो. काट्यावर आम्ही तिघं कारकून आहोत, पाळ्या बदलत असतात. तो त्या रस्त्याला का होता हे मला काय ठाऊक? मुलगा तुमचा.

आपला,
व्याही


१२ जून

व्याहीबुवा,

‘तुमची सून होती’ हे तुमचं वाक्य मी सुनेला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, “आई, बाबांना लिहा, मी सही करणार नाही आणि होती म्हणू नका.” अपघातानंतर ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. त्याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत.

परवा वकीलबाईंसोबत पोलिसांच्या आवारात गेले. ट्रक तिथे नाही. दुसऱ्याच आठवड्यात मालकाने सोडवून नेला, धंदा अडत होता म्हणे. माझ्या मुलाची दुचाकी मात्र भिंतीला टेकून उभी आहे, तिचा धंदा कोणाचा अडणार. तुमच्या खाणीच्या वकिलाने लिहून दिलंय की त्याने हेल्मेट घातलंच नव्हतं, हँडलला अडकवलं होतं. ते एका गोणीत सापडलं. त्याचा पट्टा गेल्या वर्षी निघाला होता, मीच निळ्या दोऱ्याने दुहेरी टीप मारून दिली होती. टीप शाबूत आहे. बक्कल लावलेलं आहे. आणि पट्टा टिपेच्या वरून कात्रीने कापलाय, दवाखान्यात घाईने कापतात तसा. हँडलला लटकणाऱ्या हेल्मेटचा पट्टा कोण कशाला कापेल? वकीलबाई फोटो काढत होत्या तेवढा वेळ मी बाहेर पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसले.

त्यांनी खाणीला नोटीस धाडली आहे. ट्रकच्या दुरुस्तीची वही, चालक किती तास चालवत होता त्याची नोंद, त्या दिवशीच्या सगळ्या वजनपावत्या, यातलं काही फाडायचं नाही, हरवायचं नाही. ट्रक मर्यादेबाहेर भरलेला निघाला तर दोष चालकापाशी थांबत नाही, भरून पाठवणाऱ्यापर्यंत जातो. तुम्ही काट्यावरचे जुने. पावत्या कुठल्या कपाटात असतात तेवढं सांगून मदत करा. की गुडघा अजून दुखतोय?

विहीण


१५ जून

विहीणबाई,

तुमची नोटीस मालकांच्या टेबलावर पोचली. त्यांनी मला बोलावून ती वाचून दाखवली, सावकाश, दार उघडं ठेवून. एकोणीस वर्षांत त्यांनी मला खुर्ची दिली नव्हती. त्या दिवशी दिली. खुर्चीचा अर्थ तुम्हाला कळणार नाही. तुमच्या दुकानात सगळेच बसतात.

मला निवृत्त व्हायला चौदा महिने राहिलेत. कोर्टात तुमच्या हाती काय लागायचं ते लागो, माझ्या हातातलं आत्ताच सुटायला लागलंय. तुम्हाला कोणाशी तरी भांडण हवं आहे, कारण रडायला तुम्हाला जमत नाही. लोकांच्या कपड्यांना टाचण्या टोचता टोचता आता माणसांना टोचायची सवय लागली.

रविवारी मी मुलीला आणि नातीला, चिमीला, न्यायला येतोय. दोघींचं सामान बांधून ठेवा.

व्याही


२ जुलै

व्याहीबुवा,

त्या रविवारी तुम्ही आलात. सुनेने दार उघडलं नाही. मीही उघडलं नाही. तुम्ही अर्धा तास जिन्यात बसलात आणि चिमीसाठी रंगीत खडूंची पेटी पायरीवर ठेवून गेलात. पेटी मी तिला दिली. तीन वर्षांच्या नातीचं तुमच्याशी भांडण नाही.

पावत्या मिळाल्या. आपला दावा दाखल झाला आणि कोर्टाने मागितल्या म्हणून झक मारत द्याव्या लागल्या. छापायचं यंत्र बिघडलेलं, त्यामुळे सगळ्या हाताने लिहिलेल्या. त्या दिवशीच्या एकूण एकसष्ट. त्या ट्रकचं वजनही मर्यादेतच निघालं. वकीलबाई जरा खचल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला तेव्हाच मला कळलं. मी म्हटलं, एक रात्र मला द्या.

कापायच्या टेबलावर मी त्या ओळीने मांडल्या. दिवसभरात एकाही ट्रकचं वजन दुसऱ्यासारखं नाही. कुठे चाळीस किलो इकडे, कुठे शंभर तिकडे. आणि संध्याकाळच्या शेवटच्या चार पावत्या: २७,८५५. २७,८५५. २७,८५५. २७,८५५. ट्रक चार, चालक चार, त्यांत कोणी जाडा असेल, कोणी काडीपैलवान, आणि सगळे किलोला किलो सारखे. त्यातली तिसरी पावती माझ्या मुलाच्या अंगावर आलेल्या ट्रकची.

वकीलबाईंना दिसलं नाही आणि मला का दिसलं, ते सांगते. शाळेचे गणवेश शिवायला घेतले की शेवटी शेवटी माझाही जीव कंटाळतो. एका पोराची छाती मोजायची आणि रांगेतल्या त्याच्याएवढ्या पुढच्या चार-पाच जणांपुढे तोच आकडा टाकायचा. मी केलंय हे. एखाद्याला खांद्यात आवळतं, एखाद्याला ढगळ होतं. आई कुरकुरत येते, मी उसवून देते. आमच्या धंद्यात उसवता येतं.

तुम्ही जाणकार आहात, म्हणून विचारते. काट्यावर असं होतं का? आणि त्या पाळीला कोण बसलं होतं? सहीच्या जागी नुसता खाणीचा शिक्का आहे.

विहीण


५ जुलै

विहीणबाई,

होतं कधी कधी. काट्याखाली खडी साचली की आकडा अडकून बसतो. यंत्रच ते. चार ट्रकांवर अडकला असेल. त्यावरून कोणी तर्क लढवू नयेत. कोण बसलं होतं ते मला आठवत नाही. मी नव्हतो, हे पूर्वीच लिहून दिलंय.

चिमीला खडू आवडले का?

व्याही


७ जुलै

व्याहीबुवा,

चिमीने निळा खडू संपवला. बाकीचे आहेत.

आता तुमच्या पाचाबद्दल. तुमच्या पाचाला शेपूट असतं. ते खाली उतरतं, ओळ ओलांडतं आणि खालच्या अक्षराला जाऊन टेकतं. तुमच्या तिन्ही पत्रांवर, डोक्याशी तारीख आहे तिथे ते आहे. पाच जून, पंधरा जून, पाच जुलै. काल तुमचं पत्र टेबलावर ठेवलं, शेजारी पावत्या होत्याच. सकाळच्या पावत्यांतले पाच आखूड, दुसऱ्या कोणाचे. दुपारनंतरच्या प्रत्येक पाचाला शेपूट. शेवटच्या चार पावत्यांवर आठ शेपटं. मी मोजली, मला मोजायची सवय आहे.

तुमचा गुडघा त्या दिवशी तुमच्यासकट काट्यावर होता.

तुमची तिन्ही पत्रं या पाकिटात परत पाठवतेय. वकीलबाईंना दाखवलेली नाहीत. दाखवली तर त्या हस्ताक्षराचा जाणकार आणतील, समोरचा वकील दुसरा आणेल, आणि माझ्या मुलाचा शेवटचा दिवस कसा गेला हे दोन परकी माणसं शेपटांवरून ठरवत बसतील. त्यापेक्षा ज्याने लिहिलं त्याने उभं राहून सांगावं. त्या मला वेड्यात काढतील. काढू देत.

साक्षीदारांची नावं अठ्ठावीस जुलैपर्यंत द्यायची आहेत. तुम्ही गप्प बसलात तर ‘चूक त्याची’ हे कायमचं कागदावर राहील आणि चिमी मोठी होऊन तेच वाचेल. सुनेला मी काही सांगितलेलं नाही. तुमच्या वाटचं ते काम मी करणार नाही. पत्रं जाळायची तर जाळा. मग या घरात तुमचं नाव कसं घ्यायचं ते मी ठरवेन.

विहीण


२५ जुलै

विहीणबाई,

तिन्ही पत्रं परत पाठवतोय. वकीलबाईंना द्या. हे चौथंही द्या. याच्यावरचा पाचही तपासा, वेगळा काढलेला नाही.

त्या संध्याकाळी काट्यावर मीच होतो. सहाला पाळी संपते. खाणीवरून खाली यायची शेवटची बस साडेपाचला जाते, त्यामुळे एरवी मी उतार चालत उतरतो. गुडघा दुखत होता, तेवढं खोटं नाही. दुपारी जावयाला फोन केला, न्यायला येशील का. म्हणाला, येतो बाबा, पण बरोबर सहाला फाटकाबाहेर उभे राहा, चिमी झोपायच्या आत घरी पोचायचंय. तो त्या रस्त्याला का होता हे तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलंत. मला न्यायला येत होता.

त्याला ताटकळायला लागू नये म्हणून मी हात उरकायला घेतला. रांगेत चार ट्रक होते. पहिला काट्यावर घेतला. उरलेल्या तिघांना काट्यावर न चढवताच तोच आकडा लिहून दिला. आमच्याकडे संध्याकाळची हीच पद्धत आहे. मालकांना ती ठाऊक आहे, त्यांच्याच सोयीची आहे. रांगेतला पहिला ट्रक ते नेहमी बेताने भरतात आणि मागचे शिगोशीग. मला हे कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कोर्टातही म्हणणार नाही.

तिसऱ्या ट्रकचा चालक खाली उतरून माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, “काका, आज माझी खरंच मोजा. फार भरलीय. आकडा दिसला तर थोडी खाली करा म्हणता येईल, नुसतं माझ्या तोंडाचं कोणी ऐकत नाही. उतारावर ब्रेक धरत नाहीत.”

मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहा झाले होते. म्हटलं, “उद्या मोजू.” आणि पावती त्याच्या हातात दिली.

तुम्ही आणि मी तीन महिने ज्याला शिव्याशाप देतोय तो हे ऐकून निमूट गाडीत चढला. पोलिसांना त्याने सांगितलं असेलच. पण कागदावर माझ्या हातचे २७,८५५ होते.

सहाला मी फाटकाबाहेर येऊन थांबलो. साडेसहापर्यंत उभा होतो. उशीर केला म्हणून त्याच्यावर चिडत होतो.

काल तुम्ही दुकानात असताना घरी आलो. मुलीने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही, म्हणून जिन्यातच सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

साक्षीदारांत माझं नाव घाला. माझ्यावर जे यायचं ते येऊ दे. तुमच्याकडून दया मागत नाही. मागितली तरी तुम्ही देणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचाच आधार वाटतो.

चिमीचा आजोबा


१८ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

तुमच्या पत्राला सात महिन्यांनी उत्तर देतेय, आणि उशीर मुद्दाम केलाय. साक्षीआधी चार ओळी लिहिल्या असत्या तर समोरचा वकील म्हणाला असता, विहिणीने पढवला. शिवाय जुलैत मी जे लिहिलं असतं ते नंतर उसवता आलं नसतं.

काल तुम्ही साक्षीला उभे राहिलात तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होते, सून माझ्या शेजारी. तुमची नोकरी गेली, निवृत्तीचं अडकलं, तुमच्यावरही चौकशी लागली, हे सगळं त्या वकिलाने चवीने वाचलं. मग विचारलं की खोट्या पावत्या लिहिणारा माणूस आज खरं बोलतोय हे कशावरून मानायचं. तुम्ही म्हणालात, “खोट्याने माझं काय वाचत होतं ते मला माहीत आहे. खऱ्याने काय गेलं त्याची यादी आत्ता तुम्हीच वाचलीत.” वकिलाने पाणी मागितलं. वकीलबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

चालक काय म्हणाला ते सांगताना ‘उद्या मोजू’ या शब्दांपाशी तुम्ही अडलात आणि माझ्या सुनेकडे पाहिलंत. तुमचे डोळे भरले होते, तुम्हाला धड दिसलं नसेल, म्हणून कळवते. तिने मान खाली घातली नाही. तुमच्याकडे बघत होती.

आज खाणीने लिहून दिलं की चूक दुचाकीस्वाराची होती हे म्हणणं ते मागे घेतात. सातवी ओळ गेली. आता तेच तडजोड करू म्हणतायत. करायची की निकालापर्यंत थांबायचं ते सून ठरवेल, वकीलबाईंना तिने स्वतःच चार प्रश्न विचारले. चालकाच्या वकिलाने तुमच्या साक्षीची नक्कल मागितली, ती दिली. त्याची बायको कोर्टाबाहेर उभी होती. मी तिच्याशी काही बोलले नाही. पण तिच्या पोराच्या स्वेटरचं बटण लोंबत होतं, ते पर्समधल्या सुईने लावून दिलं.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असं वचनही देत नाही. तुमच्या एका घाईने माझं घर बसलं, आता मी कशाचीही घाई करणार नाही.

पण शपथ घ्यायला तुम्ही हात वर केलात तेव्हा कोटाची बाही काखेत उसवलेली सगळ्या कोर्टाने पाहिली. पुढची तारीख नऊ मार्चला आहे. माझ्या सुनेचा बाप तशा कोटात उभा राहिला तर लोक माझ्या दुकानाला नावं ठेवतील. शनिवारी कोट घेऊन या. जिन्यात बसू नका, दुकानाचं दार उघडं असतं. चिमी तिथेच असते, पिवळा खडूही संपलाय.

लग्नाच्या वेळी घेतलेलं तुमचं माप माझ्या वहीत आहे. ते वापरणार नाही. तुम्ही फार वाळलात. समोर उभं करून टेप लावून मोजेन.

विहीण